खडखडणारा ट्रे

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी आज मला दार लावून घ्यायला सांगितलं. बावीस वर्षांत असं सांगण्याची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा त्यांचे वडील गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकाने भर सभेत त्यांच्या स्मृतीच्या प्रयोगाला 'जादूगाराच्या टोपीतला ससा' म्हटलं तेव्हा. त्यामुळे मी खुर्चीच्या टोकावरच बसलो.

त्यांनी दोन तक्ते माझ्यापुढे सरकवले. एक माझा, एक नवीचा. नवी म्हणजे आमची नवी सहायक. रुजू होऊन तिला चार महिने झाले, पण प्रयोगशाळेत सगळे तिला अजून नवीच म्हणतात. मला सगळे घड्याळकाका म्हणतात, कारण मी कधी उशिरा येत नाही आणि कधी काही विसरत नाही.

प्रयोग काय तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी ही वही वाचली तर त्याचा गोंधळ नको. माणसाला खुर्चीत बसवायचं. पडद्यावर दहा चित्रं दाखवायची, पण प्रत्येक इतका कमी वेळ की त्याला नुसतं काहीतरी लकाकल्यासारखं वाटतं. कशाचं चित्र होतं विचारलं तर सांगता येत नाही. मग त्याला वीस शब्द वाचून दाखवायचे. त्यांतल्या दहांची चित्रं नुकतीच लकाकून गेलेली असतात, उरलेल्या दहांची नसतात. मग तीनशे सत्तावीसपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे शब्द मनात घोळवत बसता येत नाही. शेवटी आठवतील तेवढे शब्द कागदावर लिहून घ्यायचे. मॅडमचं म्हणणं असं की, न कळता दिसलेलं चित्रही मनात जागा धरून ठेवतं.

माझ्यापुढे आजवर दोनशे बारा माणसं बसली. त्यांना लकाकलेल्या दहांतले सरासरी सात शब्द आठवले, न लकाकलेल्यांतले पाच. अकरा वर्षांचं काम आहे हे. नवीपुढे चाळीस जण बसले. सहा आणि सहा. एकदम सपाट.

"काय वाटतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. सतराला, सोमवारी अकरा वाजता, नवीला कायम करायचं की नाही ते त्या ठरवणार. तोवर मी तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. "जपून लिहा," त्या म्हणाल्या. "आकडे विश्वासार्ह नाहीत असा शेरा पडला, तर त्या पोरीला दुसरी कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. आणि लक्षात आहे ना? निरीक्षण लिहायचं, मत नाही."

मला सांगायला नको. बायकोच्या शाळेतली एक कोरी वही कपाटात होती ती घेतली. (बायको चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. कोऱ्या वह्या आम्हाला जन्मभर पुरतील.) आजपासून फक्त निरीक्षण.

मला ती मुलगी पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काचेमागे बसलो. ही काच आमच्या बाजूने खिडकी आणि आतल्या बाजूने आरसा. आतला माणूस तिच्यात बघून केस नीट करतो आणि आपण त्याच्या नाकापासून दोन फुटांवर बसलेलो असतो.

नवी शब्द वाचते ते ऐकवत नाही. 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' असं फोनवर सांगणारी बाई परवडली. चमचा. शिडी. कंदील. कात्री. सगळे एका इस्त्रीखालून काढल्यासारखे. मान वर करत नाही, हसत नाही, समोरच्याकडे बघत नाही. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन होते. बिचारे दोनदा जांभई देऊन मोकळे झाले.

मी वाचतो तेव्हा कुणाची जांभई देण्याची टाप नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मॅडमनी शब्द ध्वनिमुद्रित करून लावायचा विचार मांडला होता. मीच म्हणालो, यंत्राचा आवाज ऐकून माणूस अवघडतो, जिवंत आवाज हवा. त्यांनी ऐकलं. त्या आवाजावर हा प्रयोग उभा आहे, असं मी म्हणत नाही, पण मॅडम एकदा म्हणाल्या होत्या.

आणखी एक. वाचताना नवीच्या डाव्या कानात काहीतरी होतं. केसांखाली. तार मानेमागे गेलेली. तिला कोण काय सांगत होतं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा नवीच्या चौदा उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासल्या. शब्द चुकीचे मोजून ती आकडे सपाट करत असेल, असा माझा कयास होता.

चौदाच्या चौदा बरोबर. एका शब्दाचाही फरक नाही. एका ठिकाणी माणसाने 'कंगवा' ऐवजी 'फणी' लिहिलं होतं, तेही तिने नियमाप्रमाणे बाजूला काढून त्यावर टीप लिहिली होती.

इतकं अचूक कोण असतं? ज्याला माहीत आहे की कुणीतरी तपासणार, तोच. संशय वाढला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिन्यात नवी त्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकाशी बोलत होती. तोच 'टोपीतला ससा'वाला. मी दिसताच दोघं गप्प. मग तो म्हणाला, "काय घड्याळकाका, किती वाजले?" आणि आपल्याच विनोदावर हसला. नवी हसली नाही. मला नको असलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. कीव म्हणावी तर तसं काही कारण नाही.

नंतर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणत होते साहेब?"

"काही नाही काका. मीच त्यांना विचारत होते, त्यांच्या प्रयोगात वाचणाऱ्याला यादी माहीत असते का."

"मग?"

"ते म्हणाले, आमच्याकडे वाचणाराच नसतो."

आमच्या घरातली गोष्ट शेजाऱ्याला विचारायची काय गरज? हे अहवालात घातलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. घरचा एक प्रकार लिहून ठेवतो, प्रयोगाशी संबंध नाही.

गेले पंधरा दिवस माझी खात्री आहे की बायको माझ्या चहात साखर कमी घालते. डॉक्टरांनी तिच्या कानात काही सांगितलं असणार. आज तोंडावर विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला संशय घ्यायलाच नोकरीत ठेवलंय का?" मी म्हटलं, चाचणी करू. दोन कप कर, एक नेहमीचा, एक तू हल्ली देतेस तसा. कुठला कुठे ते मला सांगू नकोस. तिने दोन कप आणून ठेवले. एक घोट घेतला आणि सांगितलं, डावा अगोड.

"नक्की?"

"शंभर टक्के. पाणी आहे नुसतं."

"दोन्ही एकाच पातेल्यातले आहेत," ती म्हणाली आणि डावा कप उचलून स्वतः पिऊन टाकला.

घरगुती प्रयोगाला शिस्त नसते. दोन वेगवेगळे कप कर म्हटल्यावर तिने सूचना पाळायला हव्या होत्या. चाचणी बाद.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली! रंगेहाथ सापडली.

आधी थोडं सांगायला हवं. चित्रांच्या स्लाइडचे दोन ट्रे आहेत, दिसायला अगदी सारखे, दोन्ही काळ्या कागदात गुंडाळलेले. एकात वीसपैकी दहा वस्तूंची चित्रं, दुसऱ्यात उरलेल्या दहांची. आम्ही यायच्या आधी मॅडम त्यांतला एक प्रोजेक्टरवर बसवतात आणि कुठला ते आपल्या वहीत लिहून वही कुलपात ठेवतात. आम्ही फक्त खोलीशेजारच्या केबिनमधलं बटण दाबायचं, चित्रं संपली की आत खोलीत जाऊन शब्द वाचायचे. कुठली दहा लकाकली ते वाचणाऱ्याला माहीत नसावं, असा नियम. माहीत असलं की ते त्याच्या आवाजातून, चेहऱ्यावरून सांडतं म्हणे.

तर आज आठला पोचलो, बघतो तो नवी माझ्याही आधी हजर. केबिनमध्ये एक ट्रे हातात घेऊन, समोर डिंक आणि हिरव्या, जाड लोकरी बनातीचा तुकडा.

"काय चाललंय हे?"

दचकली. मग म्हणाली, "काका, हा ट्रे फिरताना खडखडतो. कोपऱ्यात तडा गेलाय. दुसरा खडखडत नाही. म्हणजे बटण दाबलं की कुठला ट्रे आहे ते बाहेर कळतं. आतून बनात लावली की दोन्ही सारखे वाटतील."

"मॅडमना विचारलंस?"

"विचारणारच होते. आधी जमतंय का ते बघत होते." जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला कधी ऐकू आला नाही का तो आवाज?"

मी ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. बनातीचा तुकडाही घेतला, पुरावा म्हणून. साहित्याशी छेडछाड! याहून मोठा दोष आमच्या धंद्यात नाही.

आता प्रामाणिकपणे नोंदवतो, वहीपासून काय लपवायचं. तो ट्रे खडखडतो हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. एकदा त्यातली स्लाइड अडकली, मी चिमट्याने काढली, ती छत्री निघाली. पुढे कधी कात्री अडकली, कधी घंटा. अकरा वर्षांत ते दहाही कळले. त्यामुळे खडखड झाली की छत्री, कात्री, घंटा, होडी, उशी वगैरे. खडखड नाही झाली की चमचा, शिडी, कंदील वगैरे. पण माहीत असणं वेगळं आणि त्याचा परिणाम होऊ देणं वेगळं. सांडणारे सांडतात. माझा हात कधी थरथरला नाही, आवाज का थरथरेल? मॅडमना सांगून उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काचेमागून आवाज नीट ऐकू येत नाही. ती कानातली तार काय आहे, ती कुणाला काय सुचवते, हे कळायलाच हवं. बायकोचा जुना रेकॉर्डर आणला. ती त्यावर पोरांच्या कविता भरून घ्यायची. कुणी बोललं की आपोआप चालू होतो, शांत झालं की बंद. खोलीतल्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा असतो, त्याच्यामागे ठेवून दिला.

हे बरोबर आहे का? मॅडमनी लक्ष ठेवा म्हटलं होतं, कसं ते म्हटलं नव्हतं. मन खातंय थोडं. पण अकरा वर्षांचं काम एका पोरीच्या हाती सोडून द्यायचं का?

दुपारी शिपाई म्हणाला, "काका, हल्ली तुम्ही फार काचेमागे बसता. आतल्यांना वाटतं आरशात भूत आहे." त्याला हसता येतं, त्याच्यावर जबाबदारी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याकडे एक आजी होत्या. ट्रे खडखडला नाही. शब्द वाचले. आजी फार गोड. लकाकलेले आठ आठवले, बाकीचे चार. उठताना म्हणाल्या, "तुम्ही किती छान वाचता हो. अगदी हात धरून नेल्यासारखं वाटतं." नवी केबिनमध्ये होती, तिने ऐकलं. तिने तिच्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. ती माझ्याबद्दल लिहिते का? मी तिच्याबद्दल लिहितोय म्हणून ती माझ्याबद्दल लिहीत असेल, असं समजायचं कारण नाही. पण डोळ्यात तेल घालून राहायला हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा माझी पाळी. एक चष्मे विकणारा तरुण. ट्रे खडखडला. सात आणि पाच. माझे आकडे घड्याळासारखे आहेत, हे मी नाही म्हणत, तक्ता म्हणतो.

संध्याकाळी अहवाल पूर्ण केला. स्वच्छ अक्षरात, दीड पान. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो, कारण तो मला स्वतःलाच फार आवडलाय:

'सदर वाचक वाचनाच्या वेळी सहभागी व्यक्तींवर जाणूनबुजून वा नकळत प्रभाव टाकत असल्याचे दिसून येते. त्यामुळे सदर वाचकाने घेतलेल्या सर्व चाचण्या रद्द कराव्यात व यापुढे त्यांना शब्दवाचनाचे काम देऊ नये.'

फक्त पुरावा तेवढा जोडायचा. रेकॉर्डर विसरून तिथेच राहिला होता, बुधवारपासून. घड्याळकाका विसरला! शिपायाला कळलं तर वर्षभर पुरवेल. घरी घेऊन आलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितो.

दुपारी जेवणं झाल्यावर बायको इस्त्री करत होती. मी तिथेच टेबलाशी रेकॉर्डर लावून बसलो. पहिली बुधवारची नवीची चाचणी. चमचा, शिडी, कंदील, कात्री. तीन वेळा ऐकली. सूचक खाकरणं नाही, कुजबुज नाही, काही नाही. फक्त शब्दांच्या मागे अगदी बारीक टिक, टिक, टिक. कानातल्या त्या वस्तूचा आवाज असणार. प्रत्येक टिकबरोबर एक शब्द. अंतर मोजलं, दोन सेकंद. दरवेळी दोनच सेकंद.

बराच वेळ शोधत राहिलो. मग ते संपलं आणि माझाच आवाज सुरू झाला, गुरुवारचा. रेकॉर्डर तिथेच होता, दुसरं काय होणार? बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात बायको म्हणाली,

"हे शब्द का हो एवढे लाडके तुमचे?"

"कुठले?"

"हेच की. कंदील. आता बघा, कंगवा आला. त्याच्याआधी श्वास घेतलात तुम्ही. कात्रीच्या वेळी नाही घेतलात."

मी म्हटलं, काहीतरीच काय. सगळे सारखे वाचलेत.

"सारखे? पोरांना शुद्धलेखन घालताना मी हेच करायचे. जो शब्द परीक्षेत येणार हे माहीत असायचं, तो जरा पोटाशी धरून म्हणायचे. पोरांना पत्ता नसायचा, पण तेवढे शब्द चुकायचे नाहीत." तिने इस्त्री उभी केली. "मला वाटायचं, मलाच येतं ते."

मी म्हटलं, चाचणी करू. नीट करू. तिला वीस शब्दांची यादी आणि पेन्सिल दिली. ट्रे, खडखड, कुठले दहा, यातलं तिला मी कधीही काही सांगितलेलं नाही. गुरुवारचं पुन्हा लावलं आणि खिडकीशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून. लाडका वाटेल त्या शब्दापुढे खूण कर, एवढंच सांगितलं.

तिने दहा खुणा केल्या. त्यांतले नऊ लकाकलेले.

नवी यादी दिली, शुक्रवारचं लावलं. खडखडणारा ट्रे. या वेळी तिने नऊ खुणा केल्या, त्यांतल्या आठ छत्री, कात्री, घंटेच्या बाजूच्या. गुरुवारी याच आठांपैकी सातांपुढे खूण नव्हती.

मग तिसरी यादी आणि नवीची चाचणी. शेवटपर्यंत पेन्सिल कागदाला टेकली नाही. "इथे काही नाहीये हो," ती म्हणाली. "मारायच्या म्हणून मारू का खुणा?"

मी माझा आवाज आणखी सहा वेळा ऐकला. मला अजूनही काही ऐकू येत नाही. माझ्या कानाला सगळे शब्द सारखे. हेच सगळ्यात भयंकर वाटतं. ऐकू आलं असतं तर मी म्हटलं असतं, हो, लबाडी केली. मी लबाडी केलेली नाही. दोनशे बारा माणसांसमोर मी प्रामाणिकपणे बसलो आणि प्रत्येकाला हात धरून हव्या त्या जागी नेलं. आजींनी सांगितलं होतं मला. मला ती तारीफ वाटली.

बावीस वर्षांत मी केलेला हा एकच चोख प्रयोग, आणि तो इस्त्रीच्या टेबलावर झाला.

रेकॉर्डरवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की सगळं पुसलं जातं. कुणाला कळणार आहे? बायकोला मी सांगितलेलं नाही की खुणा कशाच्या होत्या. अहवाल तयार आहे. मॅडमना तोच हवाय. वरचा तो पुन्हा सभेत उभा राहील तेव्हा मॅडमना काय वाटेल? आणि मला उद्यापासून लोक काय म्हणतील?

बायकोने कपड्यांच्या घड्या ठेवल्या आणि विचारलं, "ज्या मुलीबद्दल तुम्ही रोज लिहिताय, ती हीच का? टिकटिकवाली?"

"हो."

"गरीब आहे हो आवाज. नुसतं काम करणाऱ्याचा." मग म्हणाली, "तिचं काय होणार?"

मला लाज वाटली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अकराला दोन मिनिटं कमी असताना मॅडमच्या खोलीत गेलो. नवी आधीच बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चेहऱ्यावरून तिला सगळं माहीत होतं. आयुष्यात इतकी मान खाली घालून मी कुठल्या खोलीत शिरलो नव्हतो.

"आणलात अहवाल?" मॅडम म्हणाल्या.

दिला. दीड पान तेच. जिन्यातली आणि डिंकाची हकिकत खोडली होती. शेवटचा परिच्छेद शब्दाला शब्द तसाच ठेवला होता. फक्त अहवालाच्या पहिल्या ओळीत वाचक म्हणून जे नाव होतं ते खोडून माझं घातलं होतं. खाली खडखडणाऱ्या ट्रेबद्दल एक ओळ लिहिली होती आणि बायकोने खुणा केलेल्या तीन याद्या टाचल्या होत्या.

मॅडमनी वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग मला दार लावून घ्यायला सांगितलं. ही चौथी वेळ.

"लावा तो रेकॉर्डर."

लावला. गुरुवारची पूर्ण चाचणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, त्यांनी म्हणावं, 'काही नाही यात, घड्याळकाका, घरी जा.' आणि त्या तसंच म्हणाल्या.

"मला काही ऐकू येत नाही. सगळे शब्द सारखेच वाटतात."

"मलाही तसेच वाटतात मॅडम," मी म्हणालो.

त्यांचा हात रेकॉर्डरवर होता. शेवटी नवी बोलली, अगदी हळू. "आपल्या तिघांचंही धरू नका मॅडम. आपल्याला माहीत आहे ना, काय निघायला हवं ते. ज्यांना माहीत नाही अशा कुणाकडून तरी ऐकवून घेऊ."

मॅडमनी शिपायाला बोलावलं. यादी आणि पेन्सिल दिली. शिपाई म्हणाला, "परीक्षा आहे का? मी सातवीत सोडलं." मग मान वाकडी करून ऐकत राहिला आणि खुणा करत गेला. मॅडमनी कुलपातली वही काढली आणि त्याच्या खुणांशी ताडून पाहिली. दहापैकी आठ. शिपायाला काहीच कळेना. "बरोबर आले का?" त्याने विचारलं.

"बरोबर आले," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती वर्षांपासून खडखडतो तो ट्रे?"

"सुरुवातीपासून."

"आणि सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"माहीत असणं वेगळं..." एवढंच म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अकरा वर्षं त्यांची गेली होती, आणि मी त्यांच्यासमोर रडलो.

मग त्यांनी दोन्ही तक्ते उचलले. माझा फाईलच्या तळाशी घातला. नवीचा वर ठेवला. "चाळीस जण," त्या तिला म्हणाल्या. "सहा आणि सहा. एवढंच आहे आपल्याकडे. इथून सुरू करायचं. राहशील ना?"

नवीने मान हलवली. बाहेर आल्यावर तिने कानातली ती वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. मी कानाला लावली. टिक. टिक. टिक. दुसरं काही नाही. "वाचताना मला पण घाई व्हायची काका," ती म्हणाली. "म्हणून."

मी खिशातून हिरव्या बनातीचा तुकडा काढून तिला परत दिला.

३ मार्च, सोमवार

मध्ये काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. वरच्या मजल्यावरून विनोद आले, ते झेलले. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या चौतीस वर्षांत माझ्या किती पोरांना खरंच काही येत होतं?" त्या दिवशी तिचा चहा मी केला.

आता शब्द ध्वनिमुद्रित आहेत, नवीच्या आवाजात, टिकटिकीवर. माझं काम फक्त बटण दाबायचं आणि शेवटी कागद-पेन्सिल द्यायची. बनात मीच लावली, नवीने डिंक धरला. आज पहिली चाचणी होती. कुणी एक सुतार आले होते, दाढेखाली सुपारी धरून. चालेल का विचारलं त्यांनी, मी म्हटलं चालेल.

बटण दाबलं. सवयीने कान टवकारले. ट्रे फिरला, आणि नुसता फिरत राहिला.

चित्रं संपली, शब्द संपले. उलटे आकडे मोजता मोजता सुतार दोनदा अडखळले. मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि कागद सरकवला. ते आठवत बसले, माझ्या चेहऱ्याकडे बघत, जसे सगळे बघतात. पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्यावर त्यांना सापडण्यासारखं काही नव्हतं.

त्यांना अकरा शब्द आठवले. त्यांतले लकाकलेले कुठले, ते मला माहीत नाही.